कुष्ठरोग परिषदेचे ई-पोस्टर : अंशाखालचा छेद

कुष्ठरोगाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८९७ साली बर्लिनमध्ये भरली. विसावी २०१९ मध्ये मनिलाला झाली, एकविसावी २०२२ मध्ये हैदराबादला. या काळात परिषदेत संशोधन मांडण्याच्या रीती बदलत गेल्या, आणि आज तरुण डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ किंवा जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यक्रमात काम करणारी माणसे यांच्या वाट्याला बरेचदा येते ते ई-पोस्टर. म्हणजे एका पानाची फाइल. ती आयोजकांकडे आधी पाठवायची, परिषदेच्या दिवशी ती मोठ्या पडद्यावर येते, शेजारी उभे राहून तीन-पाच मिनिटांत विषय सांगायचा, परीक्षकांच्या एक-दोन प्रश्नांना उत्तरे द्यायची आणि पुढच्याला जागा करून द्यायची. असे पोस्टर कसे करावे याचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण ते रंग, टाइप आणि मांडणी यांपाशी थांबतात. कुष्ठरोगाच्या बाबतीत त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा : समोर उभ्या असलेल्या जाणकाराला तुमचा दावा त्या तीन मिनिटांत तपासता येतो का? येत असेल तर पोस्टर दिसायला साधे असले तरी चालेल. येत नसेल तर त्याच्या देखणेपणाने नुकसानच होते, कारण न तपासलेला दावा लोक लक्षात ठेवून घरी नेतात.

पोस्टर ही दुय्यम गोष्ट, खरे संशोधन नियतकालिकात छापून येते, अशी समजूत सर्रास आढळते. परिषदांत मांडलेल्या संशोधनाचे पुढे काय होते याचा कॉक्रेन संस्थेने मोठा आढावा घेतला आहे. तीन लाखांहून अधिक सारांशांचा माग काढल्यावर दिसले की त्यांतले जेमतेम ३७ टक्के पुढे पूर्ण लेख म्हणून प्रसिद्ध झाले, आणि ज्यांचे निष्कर्ष अनुकूल होते त्यांना ती संधी अधिक मिळाली. उरलेल्या कामाचा शेवटचा उजेड म्हणजे ते पोस्टर. कुष्ठरोगात हे जास्त बोचते. या रोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, त्याला दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. त्यामुळे मोठ्या चाचण्या महाग पडतात आणि थोड्याच होतात. बाकीचे ज्ञान दवाखान्याच्या रजिस्टरांतून, नसांच्या तपासणीच्या तक्त्यांतून, आशा सेविकांनी घरोघर फिरून केलेल्या नोंदींतून हळूहळू साठत जाते. आपल्याकडे पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक पोस्टर सादर करण्याची अट अनेक वर्षे नियमातच होती. अटीपायी केलेले पोस्टर आणि कळकळीने केलेले पोस्टर यांतला फरक पडद्यावर लगेच दिसतो. पण अटीपायी का होईना, रजिस्टर उघडले जाते, याचे मोल कमी नाही.

पडदा म्हटला की वाटते, जागा मुबलक. प्रत्यक्षात ती कागदापेक्षा कमी असते. ए-झीरो आकाराचा कागद म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. तो इंचाला दीडशे ठिपके या बेताच्या दर्जाने छापला तरी त्यावर साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके पडतात. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८० बिंदू असतात, म्हणजे सुमारे २१ लाख, कागदाच्या सतराव्या हिश्श्याइतके. कागदासाठी केलेली फाइल तशीच पडद्यावर चढवली की तक्त्यातले आकडे मुंग्यांसारखे दिसतात ते यामुळे. बोटांनी मोठे करून पाहण्याची सोय काही ठिकाणी असते, पण एकाने कोपरा मोठा केला की मागे उभ्या चौघांना बाकीचे पान दिसत नाही. तेव्हा काहीतरी गाळावेच लागते, आणि काय गाळायचे यातच सादरकर्त्याची समज कळते. सहसा कात्री लागते ती चुकीच्या ठिकाणी. प्रस्तावनेतली हॅन्सनने १८७३ मध्ये जंतू शोधल्याची माहिती राहते, संस्थेची बोधचिन्हे राहतात, आणि रुग्ण कसे निवडले, किती वगळले, कोण पाठपुराव्याला आलेच नाहीत, या ओळी जातात. कुष्ठरोगाच्या परिषदेला आलेल्या माणसाला हॅन्सन सांगण्याची गरज नसते. त्याला अपूर्णांकातला छेद हवा असतो : हे इतके, पण कितींपैकी?

छेदावर एवढा जोर देण्याचे कारण या रोगाच्या आकडेवारीतच आहे. जगात २०१९ साली सुमारे दोन लाख नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये हा आकडा सव्वा लाखाच्या घरात आला. आलेखावर ही घसरण एखाद्या मोठ्या यशासारखी दिसते. पण पाच वर्षांचा अधिशयन काळ असलेला रोग एका वर्षात एवढा ओसरू शकत नाही. कोविडमुळे तपासणी थांबली, घरभेटी थांबल्या, म्हणून रुग्ण सापडले नाहीत. याच्या उलटही घडते. महाराष्ट्रात आणि इतर राज्यांत कुष्ठरुग्ण शोध मोहीम राबवली की त्या वर्षीचा खांब उंच होतो. पाहणाऱ्याला वाटते साथ वाढली, आणि वाढलेला असतो तो शोध. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला, तरीही आज जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, कारण पहिल्यात उपचार चालू असलेल्या रुग्णांची गणती आहे आणि दुसऱ्यात वर्षभरात नव्याने सापडलेल्यांची. म्हणून नव्या रुग्णांचा आलेख पोस्टरवर घालायचा असेल तर प्रत्येक खांबाखाली त्या वर्षी किती लोक तपासले गेले आणि मोहीम केव्हा झाली, एवढे लिहिलेच पाहिजे. त्याला दोन ओळी पुरतात, आणि त्या दोन ओळी गाळल्या तर आलेखाचा अर्थ उलटा होतो.

याहून नाजूक गोष्ट आहे विकृतीच्या प्रमाणाची. हात, पाय किंवा डोळ्यांवर उघड दिसणारी विकृती आली असेल तर तिला द्वितीय श्रेणीची विकृती म्हणतात. निदानाच्या वेळीच ती असणे याचा अर्थ बहुधा निदानाला उशीर झाला. समजा, वीस लाख लोकवस्तीच्या जिल्ह्यात एका वर्षी २०० नवे रुग्ण सापडले आणि त्यांपैकी १२ जणांना अशी विकृती होती. प्रमाण ६ टक्के. पुढच्या वर्षी जोरदार मोहीम झाली, ४०० रुग्ण सापडले, विकृतीचे १६. प्रमाण ४ टक्क्यांवर आले. पोस्टरचे शीर्षक तयार : मोहिमेमुळे विकृतीचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. पण छेद बदलून पाहा. दर दहा लाख लोकसंख्येमागे विकृतीचे रुग्ण पहिल्या वर्षी ६ होते, दुसऱ्या वर्षी ८ झाले. आता तोच जिल्हा खालावलेला दिसतो. खरे काय? दोन्ही आकडे खरे. टक्केवारी घटली कारण मोहिमेत एकच चट्टा असलेले, अगदी सुरुवातीचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. संख्या वाढली कारण वर्षानुवर्षे घरात राहिलेले काही जुने रुग्णही त्याच मोहिमेत पुढे आले असतील. जे पोस्टर यांतला एकच आकडा दाखवते ते खोटे बोलत नाही, पण पाहणाऱ्याच्या हातून तपासण्याचे साधन काढून घेते. दोन्ही छेद शेजारी ठेवले की समोरचा माणूस आपोआप पुढचा प्रश्न विचारतो : त्या १६ जणांना पहिला चट्टा केव्हा दिसला होता? चर्चा तिथे सुरू होते. याच न्यायाने, तीन रुग्णांपैकी दोघे सुधारले असतील तर ‘६६.७ टक्के’ लिहू नये. तीनपैकी दोन, असे लिहावे.

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडतानाही हाच पेच येतो. वायव्य बांगलादेशात झालेल्या एका चाचणीत नव्या कुष्ठरुग्णांच्या संपर्कातल्या हजारो लोकांना रिफाम्पिसिनचा एकच डोस किंवा तशीच दिसणारी प्लासिबो गोळी देण्यात आली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्या दोन वर्षांत औषध घेतलेल्यांमध्ये रोग होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या एका डोसची शिफारस केली त्यामागे हा अभ्यास आहे. ५७ हा आकडा पोस्टरवर ठळक दिसतो, आणि तो दिसावाही. पण त्याच अभ्यासाने असेही सांगितले की दोन वर्षांत एक रुग्ण टाळण्यासाठी सुमारे २९७ जणांना औषध द्यावे लागते, आणि त्यापुढच्या दोन वर्षांत दोन्ही गटांत फरक उरला नाही. ५७ टक्के हे वैज्ञानिकाचे उत्तर झाले. तालुक्यात गोळ्या पोचवायच्या असलेल्या अधिकाऱ्याला २९७ लागतात, कारण त्यावरून किती घरे, किती कर्मचारी आणि किती गोळ्या याचा हिशेब मांडता येतो. पडद्यावर दोन्हींना सारख्या मापाचा टाइप द्यावा असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधकाने पोस्टरची एक नवी मांडणी सुचवली. पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष, बाजूच्या चिंचोळ्या पट्ट्यांत थोडा तपशील, आणि बाकी सगळे क्यूआर कोडमागे. जगभर ती मांडणी झपाट्याने उचलली गेली. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात, दालनातून चालत जाणारा माणूस पोस्टरला काही सेकंदच देतो. त्याला छेद, वगळलेले रुग्ण, पाठपुराव्याचा काळ दाखवत बसलात तर तो थांबणारच नाही. पहिला भाग मला पटतो. निष्कर्ष एका वाक्यात, ठळक आणि सोप्या भाषेत सांगितलाच पाहिजे. ‘एक अभ्यास’ असे मोघम शीर्षक देऊन माणसाला ताटकळत ठेवू नये. पण ठळक वाक्यात छेद मावत नाही हे खरे नाही. ‘मोहिमेत सापडलेल्या ४०० पैकी १६ जणांना आधीच विकृती आली होती’ हे वाक्य लहानही आहे आणि तपासता येण्याजोगेही. क्यूआर कोडमागे सविस्तर तक्ता जरूर ठेवावा, पण ज्याच्याशिवाय दावा समजतच नाही ती गोष्ट कोडमागे टाकू नये. दालनातले किती जण तो कोड उघडतील याची खात्री नसते, आणि मोठ्या सभागृहात नेट हमखास मंदावते.

प्रयोगशाळेतल्या कामात छेदाची जागा मोजपट्टी घेते. त्वचेच्या छेदलेपाच्या तपासणीत जंतूंची दाटी शून्यापासून सहा प्लसपर्यंत मोजतात. एक प्लस म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या शंभर क्षेत्रांत एक ते दहा जंतू. तीन प्लस म्हणजे प्रत्येक क्षेत्रात एक ते दहा. सहा प्लस म्हणजे प्रत्येक क्षेत्रात हजाराहून अधिक. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट आहे. म्हणून चारवरून दोनवर आलेला निर्देशांक ‘निम्मा’ झाला असे लिहिणे चूक. जंतूंची दाटी सुमारे शंभरपट उतरलेली असते. आणखी एक खाच आहे. हा निर्देशांक मेलेले जंतूही मोजतो, आणि मेलेले जंतू शरीरातून हटायला वर्षे लागतात. एक रुग्ण औषधाने पूर्ण बरा होत असतानाही त्याचा निर्देशांक हळूहळूच उतरतो. हे पोस्टरवर एका ओळीत सांगितले नाही तर आलेख पाहून औषध काम करत नाही असा ग्रह होऊ शकतो. सूक्ष्मदर्शकातल्या छायाचित्राखाली ‘एक हजार पट मोठे’ लिहिण्याची सवयही पडद्यावर निरर्थक ठरते, कारण तेच चित्र लॅपटॉपवर हाताएवढे आणि दालनात दाराएवढे दिसते. चित्राच्या कोपऱ्यात दहा मायक्रोमीटरची रेघ काढली की पडदा कितीही मोठा असो, माप चुकत नाही. फिकट चट्ट्यांच्या फोटोंचे असेच. फाइल लहान करण्यासाठी चित्र दाबले की चट्ट्याची पुसट कड नाहीशी होते, आणि निदानाच्या दृष्टीने ती कडच महत्त्वाची असते. पडद्याचे रंग भडक ठेवलेले असले तर तांबूस चट्टा लालबुंद दिसतो आणि पाहणाऱ्याला त्यात रिअॅक्शन, म्हणजे अचानक उसळणारा दाह, चालू असल्याचा भास होतो.

फोटोंचा विषय निघाला की तंत्राच्या पुढे जावे लागते. कागदी पोस्टर संध्याकाळी गुंडाळून घरी नेले जायचे. ई-पोस्टर सर्व्हरवर राहते, सदस्यांना उतरवून घेता येते, दालनात उभा असलेला कोणीही मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि तो डॉक्टरांच्या गटांत फिरतो. रुग्ण बाईने उपचाराच्या कागदावर सही केली तेव्हा तिला यातले काही ठाऊक नव्हते. डोळ्यांवर काळी पट्टी मारणे पुरेसे नाही, असे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट सांगितले आहे, आणि आपल्या गावांत तर ते उघडच आहे. मनगटावरचे गोंदण, कानातली जुनी बुगडी, वाकडी झालेली करंगळी, यांवरून माणूस ओळखला जातो. चेहरा दिसला नाही तरी ‘अमुक तालुक्यातील ४५ वर्षांची शेतमजूर’ एवढ्या ओळीवरून पाड्यावरचे लोक नाव सांगतील. याशिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पॉवरपॉइंटमध्ये फोटो कापला की कापलेला भाग नुसता झाकला जातो, मूळ चित्र फाइलमध्ये तसेच राहते. ती फाइल उघडून कापणी मागे घेतली की कानाच्या पाळीच्या फोटोतून पूर्ण चेहरा बाहेर येतो. कापलेला भाग कायमचा काढून टाकण्याची आज्ञा त्याच मेनूत आहे. ती वापरावी, किंवा फोटो बाहेरच कापून आणावा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लपलेले असू शकतात, तेही पुसावेत. हे सगळे बारीकसारीक वाटेल. पण २०१९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. कायद्यातला शब्द गेला म्हणून सासरच्या मनातला जातोच असे नाही. एका निसटलेल्या फोटोची किंमत पोस्टर करणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती त्या बाईला मोजावी लागते.

काही ज्येष्ठ डॉक्टर यावर म्हणतात की त्वचारोग हा डोळ्यांनी शिकण्याचा विषय आहे, फोटो काढून टाकले तर नवा डॉक्टर चट्टा ओळखायला कसा शिकेल? प्रश्न योग्य आहे, आणि फोटो नकोतच असे उत्तर मी देणार नाही. फोटो हवा तो दाव्याला आधार देणारा. शिकवण्यासाठी चट्ट्याची कड, तिथली कोरडी, केसविरहित त्वचा, जाड झालेली नस दाखवावी लागते. त्यासाठी दुःखी चेहरा लागत नाही. रुग्णाला पडद्यावर जाणारे नेमके चित्र दाखवून, ते इंटरनेटवर राहील हे तिच्या भाषेत सांगून, नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही याची खात्री देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. संवेदना गेल्याचे दाखवायला तर फोटोपेक्षा हाताच्या बाह्यरेषेवर मांडलेला तक्ता अधिक सांगतो : कोणत्या बिंदूवर कोणत्या वजनाचा नायलॉन तंतू जाणवला, उपचारापूर्वी आणि नंतर. तपासणी तंतूने केली की बॉलपेनच्या टोकाने, हेही तिथेच लिहावे, कारण पेनाने न सापडलेली सूक्ष्म हानी तंतूने सापडते आणि दोन अभ्यासांतला फरक नुसत्या साधनातूनही येऊ शकतो. शिवाय या परिषदांना आता पूर्वी कुष्ठरोग झालेली माणसेही प्रतिनिधी म्हणून येतात. भेदभाव दूर करण्याची तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये स्वीकारली, मनिला आणि हैदराबादच्या परिषदांना जोडून बाधितांच्या संघटनांचे जागतिक मेळावेही झाले. पोस्टरसमोर उभी असलेली व्यक्ती स्वतःचा आजार त्यात पाहत असेल, हे धरूनच प्रत्येक चित्र आणि प्रत्येक ओळ निवडायला हवी.

उरतो लहान केंद्रांचा प्रश्न. संख्याशास्त्रज्ञ नाही, चित्रकार नाही, मग मोठ्या संस्थांच्या चकचकीत पोस्टरांपुढे आमचे काय टिकणार, ही तक्रार रास्त आहे. पण तपासता येणे हीच कसोटी मानली तर पारडे बरेच समतोल होते. गडचिरोली किंवा पालघरमधल्या एखाद्या केंद्राला एक साधा प्रश्न घेता येईल : गेल्या तीन वर्षांतल्या नव्या रुग्णांना पहिला चट्टा दिसल्यापासून निदान होईपर्यंत किती महिने गेले, आणि त्या काळात ते आधी कोणाकडे गेले होते? उत्तर रुग्णांच्या कार्डांवर असते, किंवा विचारून मिळते. पडद्यावर एक आडवा पट्ट्यांचा आलेख, मधले मूल्य आणि दोन्ही टोके, एकूण किती कार्डे पाहिली आणि कितींवर तारीख नव्हती एवढा मजकूर, आणि खाली एक वाक्य की आठवणीतून सांगितलेली तारीख चुकू शकते. नावे आणि गाव वगळून, वय दहा-दहा वर्षांच्या गटांत टाकून केलेला मूळ तक्ता क्यूआर कोडमागे ठेवावा, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला आपली कार्डे त्याच रकान्यांत भरता येतील.